प्रेत बोलत नाही

"मग सांगितलंत का नाही?"

दिगंबर मास्तर आरशासमोर बसून गालांना आजारी माणसाचा पिवळट रंग लावत होते. त्यांचं बोट थांबलं नाही.

"एक शब्द, मास्तर. 'कारण'. एवढा एक शब्द मिळाला असता तर पुढचं माझं मला आलं असतं. मी तुमच्या पायाशी बसलो होतो. तुमच्या तोंडावर चादर होती. ओठ हलले असते तर कुणाच्या बापाला दिसलं असतं?"

मास्तरांनी दुसरा गाल घेतला.

"प्रेत बोलत नाही," ते म्हणाले.

इंद्रजित लोहारनं दात आवळले. हाच प्रश्न तो तिसऱ्यांदा विचारत होता आणि हेच उत्तर तिसऱ्यांदा मिळत होतं. म्हाताऱ्यांचं हे बरं असतं. एक वाक्य कमावलं की जन्मभर पुरतं. समोरचा बुडाला तरी त्यांच्या वाक्याला ओरखडा उठत नाही.

आणि तो बुडाला होताच.

तीन आठवड्यांपूर्वी, तासगावच्या प्रयोगात. नाटक बापाच्या मरणाचं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाप जातो. तिसऱ्या अंकात थोरला मुलगा मुंबईहून उशिरा पोचतो, जमिनीवर ठेवलेल्या बापाचे पाय धरतो आणि नऊ मिनिटं एकटाच बोलतो. बाप म्हणजे मास्तर. मुलगा इंद्रजित. लोक येतात ते त्या नऊ मिनिटांसाठी.

तिसऱ्या मिनिटाला त्याच्या डोक्यातून सगळं गेलं.

नुसते शब्द गेले असते तर एक वेळ चाललं असतं. आपण कुठं आहोत, समोरचा हा काळोख कसला, त्यात बसलेली सहाशे माणसं आपल्याकडं का बघतायत, हेच कळेना. जीभ टाळूला चिकटली. कुणीतरी खोकलं. मग कुणीतरी हसलं. ते हसू त्याला अजून ऐकू येत होतं. अंघोळ करताना, एस.टी.त, तोंडात भाताचा घास असताना.

शेवटी पडदा पाडला.

आणि हे सगळं होत असताना त्याच्या समोर हातभर अंतरावर एक माणूस पडला होता, ज्याला ते अख्खं भाषण इंद्रजितच्या जन्माआधीपासून पाठ होतं. चाळीस वर्षांपूर्वी तो मुलगा मास्तरच करायचे.

"विंगेत प्रॉम्प्टर असता तर मी तुमच्या तोंडाकडं बघितलंही नसतं," इंद्रजित म्हणाला.

"ते काकासाहेबांना सांग."

काकासाहेब इनामदार म्हणजे कंपनीचे मालक. 'आमच्या कंपनीला प्रॉम्प्टर लागत नाही' हे ते प्रत्येक सत्कारात शाल सावरत सांगायचे. कंपनी त्यांच्या सासऱ्यांनी काढलेली. गेल्या तीस वर्षांत काकासाहेबांनी रंगमंचावर पाऊल टाकलं ते फक्त नारळ फोडायला.

नाव काढायला आणि ते दारात यायला एकच गाठ पडली.

"काय इंद्रजित? झोप लागली का?"

"लागली."

खोटं होतं. तीन आठवडे लागली नव्हती.

"हे बघ, तुला घाबरवायला सांगत नाही. अभयलाही तुझं काम पाठ आहे, त्याला मी मुलाचे कपडे घालून विंगेत उभा करतोय. तू अडकलास की पडदा मिनिटभर पडेल. उघडेल तेव्हा तुझ्या जागी तो असेल. तुझी पिशवी आणि तू मग स्टँडवर. आमच्या काळी नट तापानं फणफणलेला असला तरी..."

"तुमच्या काळी तुम्ही काय करत होता, काकासाहेब?"

रंगपटाच्या कोपऱ्यात शोभाताई कांबळे अंबाडा बांधत बसल्या होत्या. त्या नाटकात आईचं काम करायच्या. त्यांच्या तोंडातली पिन खाली पडली.

काकासाहेबांचा चेहरा खांद्यावरच्या तांबड्या शालीच्या रंगाचा झाला. पण मालक म्हणून इतकी वर्षं काढलेला माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही.

"ही जीभ आहे ना, लोहार? तिसऱ्या अंकात चालव."

ते गेले.

शोभाताईंनी पिन उचलली, पदराला पुसली आणि म्हणाल्या, "कशाला रं त्या माणसाच्या नादी लागतोस? तुझं भलं होईल त्यात?"

भलं कशात आहे, हेच इंद्रजितला कळत नव्हतं. पुण्याच्या नाट्यशाळेतून तो दुसऱ्या वर्षी बाहेर पडला होता. बाहेर पडताना एका सरांना सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुम्ही नट असता तर इथं शिकवत नसता." त्या दिवसापासून गावाकडं वडील त्याच्याशी बोलत नव्हते. आई फोन करायची, पण वडील अंगणात गेले की. हे काम गेलं की मागं जायला दार नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानं स्वतःला नट म्हणवून घ्यायचं कारणच उरत नव्हतं. चोविसाव्या वर्षी.

साडेतीनचा प्रयोग. आत्ता पाऊण वाजला होता.

"सदऱ्याचं बटण पिळून तोडशील," मास्तर आरशातूनच म्हणाले.

"राग आलाय मला."

"बरं."

"भीती कशी घालवायची ते सांगा."

मास्तरांनी डोळ्यांखाली काळं बोट ओढलं.

"दीड वर्ष त्या नाट्यशाळेत 'श्वासाचा उगम शोधा' म्हणून फरशीवर लोळवलं आम्हाला. ही एक गोष्ट कुणी सांगितली नाही. तुम्हीही सांगणार नाही. तुम्ही सगळे म्हातारे सारखेच. तुमचं ज्ञान म्हणजे ट्रंकेतलं जरीचं धोतर. वर्षातून एकदा ऊन दाखवायचं, लोकांनी आहाहा करायचं, आणि परत घडी."

मास्तर हसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, खालचे पुढचे दोन दात नसलेला. हसताना ते तान्ह्या मुलासारखे दिसायचे आणि इंद्रजितला त्याचाही राग यायचा.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"तुला मारतो."

---

रंगमंचावर तिसऱ्या अंकाचं घर अर्धं उभं होतं. मागं कुणीतरी खिळे ठोकत होतं. मास्तरांनी त्याला हात केला तशी ठकठक थांबली. समोर रिकाम्या खुर्च्यांची रांग काळोखात शिरत गेली होती.

मास्तरांनी घोंगडी अंथरली.

"झोप."

"मी?"

"मग मी रोज झोपतोच की."

इंद्रजित आडवा झाला. मास्तरांनी पांढरी चादर झटकली आणि त्याच्या अंगावरून, तोंडावरून ओढली. पावलं तेवढी उघडी ठेवली.

चादरीला कापराचा आणि जुन्या घामाचा वास येत होता. मास्तरांचा घाम. किती प्रयोगांचा, कुणास ठाऊक.

"पोट हलतंय," मास्तरांचा आवाज आला. "मेलेल्याचं हलत नाही. श्वास पाठीत घे. बरगड्यांच्या मागं, घोंगडीकडं. समोरच्याला दिसता कामा नये."

त्यानं प्रयत्न केला. जमेना. मग थोडं जमलं. आणि जमलं तसा तो दचकला, कारण आपण श्वास घेतोय की नाही हे त्याचं त्यालाही कळेनासं झालं.

वर चादरीतून उजेड दुधासारखा दिसत होता. त्यात कुठं काही हालत नव्हतं. हात उचलून चादर काढावी असं त्याला वाटलं. पण मेलेला माणूस चादर काढत नाही... त्यानं बोटं घोंगडीत रुतवली.

मग दोन हात त्याच्या पावलांवर आले.

"आबा," मास्तर म्हणाले.

इंद्रजितच्या अंगावर काटा आला. तो आवाज चौऱ्याहत्तर वर्षांचा नव्हता. खाली दात नसलेल्या माणसाचा तर नव्हताच.

"आबा, उशीर झाला. गाडी नव्हती, असं मी यांना सांगितलंय. खोटं आहे ते. गाडी होती. मीच स्टँडवर बसून राहिलो. एक सोडली. दुसरी सोडली. कंडक्टर ओळखीचा होता, तो म्हणाला, चला की. मी म्हणालो, येतो मागनं. तीन गाड्या सोडल्या मी, आबा..."

थांबले.

इंद्रजित वाट बघत राहिला.

बरोबर इथंच. तासगावला तो इथंच अडकला होता. या पुढचा शब्द, 'कारण'.

मास्तर बोलेनात.

पाच सेकंद. दहा. मागं कुणाचा तरी हातोडा लाकडावर टेकवल्याचा हलका आवाज झाला. मग तोही नाही.

आज सकाळी गाडीत मास्तरांनी छातीवर तळवा दाबून धरलेला इंद्रजितनं पाहिला होता. जिभेखाली गोळी ठेवताना कुणी बघितलं का, म्हणून ते इकडं तिकडं बघत होते. त्यानं तेव्हा खिडकीकडं तोंड फिरवलं होतं. हा म्हातारा मला बुडताना बघत राहिला, मी का विचारू?

वीस सेकंद. तीस...

विसरले का? की काही झालं? हात तर पायांवर आहेत. पण हातांचं काय, हात मेल्यावरही...

"कारण मला वाटलं," इंद्रजित चादरीखालून घाईघाईनं कुजबुजला.

चादर खसकन बाजूला झाली. मास्तर वाकून त्याच्याकडं बघत होते. चेहरा पिवळा, डोळे चकचकीत.

"कोण बोललं?"

"मीच. तुम्ही अडकलात म्हणून..."

"तू मेला होतास."

"पण तुम्ही अडकला होता!"

"मी गप्प होतो."

"फरक काय त्यात?"

मास्तर घोंगडीच्या कडेवर बसले. गुडघा चोळत राहिले.

"मी गप्प होतो तेव्हा माझे हात कुठं होते?"

"माझ्या पायांवर."

"तासगावला तुझे कुठं होते?"

  इंद्रजितला आठवलं, तो हसण्याचा आवाज आला तेव्हा आपण दोन्ही तळवे पँटला पुसत होतो.

"एवढ्यासाठी तुम्ही मला बुडवलंत?" तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता तेवढा कडक निघाला नाही.

"पडदा खाली टेकायच्या आत तू विंगेत होतास."

"मग काय करायला पाहिजे होतं?"

"हाक."

ही त्या कंपनीची रीत होती. प्रेताचं काम करणाऱ्यानं पडदा पडल्यावर आपणहून उठायचं नाही. ज्यानं त्याचे पाय धरलेत त्यानंच त्याला खऱ्या नावानं तीनदा हाक मारायची, मग प्रेतानं डोळे उघडायचे. तालमीच्या पहिल्या दिवशी हे ऐकून इंद्रजित मोठ्यानं हसला होता. एवढी नाटकं केलीत आणि अजून भुताला भिता? तरी चार प्रयोग त्यानं हाक मारली होती. मोबाइल उघडता उघडता, 'दिगंबर दिगंबर दिगंबर', हजेरी घेतल्यासारखी. बाकी कंपनीत त्यांना नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती, म्हणून त्याला त्यात एक मजाही वाटायची.

तासगावला तो पळाला. काकासाहेब पडद्यापुढं जाऊन हात जोडून माफी मागत राहिले. लोक गेले. कनाती सोडल्या, दिवे उतरवले. आणि पाऊण तासानं शोभाताईंच्या लक्षात आलं की रंगमंचाच्या मधोमध चादरीखाली कुणीतरी आहे.

"तुम्ही उठायचं होतं," इंद्रजित म्हणाला. "साधी गोष्ट आहे. नाटक पडलं होतं. कोण बघायला बसलं होतं?"

मास्तरांनी चादरीची घडी घातली. टोकाला टोक लावून, सावकाश.

"ऐका ना, मास्तर. आज मी अडकलो तर... तुम्हाला ऐकू येईल मी अडकलोय ते. कळतं तुम्हाला. एक शब्द. मी पाया पडतो तुमच्या."

आजवर तो कुणाच्या पाया पडला नव्हता. नाट्यशाळेत नाही, घरी नाही. आत्ताही पडला नाही, नुसतं म्हणाला. पण म्हणाला हे त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि कानशिलं तापली.

"प्रेत बोलत नाही," मास्तर म्हणाले आणि चादर काखेत मारून निघून गेले.

---

पहिली घंटा झाली तेव्हा इंद्रजितला ओकारी आली. दुसऱ्या घंटेला त्यानं नळाखाली मनगटं धरली. तिसरी घंटा त्याला ऐकूच आली नाही. एकदम उजेड आला आणि तो बोलत होता, एवढंच त्याला कळलं.

पहिला अंक गेला. दुसऱ्यात त्याचं काम घरचं पत्र वाचण्यापुरतं. बाप मेला, आईनं टाहो फोडला, पडदा पडला.

मध्यंतरात रंगपटात चहा फिरत होता. शोभाताई कपातला चहा बशीत ओतत म्हणाल्या, "मास्तरांनी बादलीभर बर्फ मागवलाय. या वयात सरबताची गाडी टाकतायत वाटतं." कुणी तरी हसलं. इंद्रजितच्या कानावरून ते नुसतं वाहून गेलं. तो भिंतीकडं तोंड करून भाषण म्हणत होता. तीन गाड्या सोडल्या मी, आबा, कारण मला वाटलं... तीन गाड्या सोडल्या मी, आबा, कारण मला वाटलं...

येतंय. सगळं येतंय. इथं येतंच, इथं कुणीही म्हणेल.

विंगेत गेला तर तिथं अभय उभा. तोच चौकड्यांचा सदरा, तीच पँट, खांद्याला तशीच पिशवी. काळोखात इंद्रजितला वाटलं, आपणच तिथं उभे आहोत आणि वर डोकं तेवढं दुसऱ्याचं बसवलंय.

"घाबरू नकोस रे," अभय म्हणाला. मनापासून म्हणाला, हेच वाईट.

मागं खुर्ची टाकून काकासाहेब बसले होते. घड्याळ हातात काढून घेतलेलं.

पडदा वर गेला.

इंद्रजित आत आला. पिशवी उंबऱ्याशी ठेवली. बायका बाजूला झाल्या. मधोमध चादर, आणि चादरीबाहेर दोन पावलं.

तो गुडघ्यांवर बसला. पाय धरले.



पाय गार होते.

माणसाचे पाय असतात तसे थोडे गार नव्हेत. दगडासारखे गार. विहिरीच्या तळातून काढल्यासारखे. तळव्यापासून घोट्यापर्यंत एकसारखे.

"आबा," तो म्हणाला. शब्द सवयीनं आला. "आबा, उशीर झाला. गाडी नव्हती, असं मी यांना सांगितलंय..."

बोलता बोलता त्यानं चादरीकडं बघितलं. छातीवर काही हालत नव्हतं. ते पाठीत श्वास घेतात, त्यानं स्वतःला सांगितलं. दुपारी मी नाही का घेतला? दिसत नाहीच ते. दिसतच नाही.

मग पाय का असे?

"...एक सोडली. दुसरी सोडली. कंडक्टर ओळखीचा होता..."

सकाळची गोळी. छातीवरचा तळवा. दुसऱ्या अंकात मरताना मास्तरांच्या घशातून आज एक वेगळाच आवाज आला होता. शोभाताई क्षणभर दचकल्या होत्या, ते त्यानं विंगेतून पाहिलं होतं. नंतर पडद्यामागं त्यांना कुणी बघितलं का? ते आपल्या पायांनी येऊन इथं झोपले का? कुणी चादर घातली?

"...तीन गाड्या सोडल्या मी, आबा..."

गेलं.

सगळं गेलं. तोच काळोख. तीच सहाशे माणसं. कुणीतरी खोकलं.

जीभ टाळूला चिकटली. उजवीकडं विंगेत चौकड्यांचा सदरा एक पाऊल पुढं आला. त्याच्या मागं कुणाचा तरी हात दोरीवर गेला.

तळवे घामानं निसटत होते. पँटला पुसावेसे वाटले. उठावं, ओरडावं, दिवे लावा, डॉक्टरला बोलवा, माणूस मेलाय इथं.

त्यानं पाय सोडले नाहीत.

का सोडले नाहीत, ते त्याला सांगता आलं नसतं. सोडले तर हे खरं होईल, एवढंच वाटलं. त्यानं ती दोन पावलं आणखी घट्ट धरली, छातीशी ओढली आणि दोन्ही तळव्यांनी चोळायला लागला. गार पडलेल्या माणसाची चोळतात तशी.

कितीतरी वेळ. प्रेक्षकांत खोकणारा थांबला होता.

"आबा," तो म्हणाला, "पाय किती गार पडलेत तुमचे."

हे वाक्य नाटकात नव्हतं.

विंगेत काकासाहेब खुर्चीवरून उठले. हात दोरीवरच राहिला.

"तीन गाड्या सोडल्या मी," इंद्रजित म्हणाला. चोळत होता आणि म्हणत होता, हळू, फक्त त्या चादरीला ऐकू जाईल असं. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते. "कारण मला वाटलं, मी पोचत नाही तोवर तुम्ही जाणार नाही. मी आलो नाही तर तुम्ही वाट बघाल. तुम्ही नेहमी बघता. बोलत नाही, पण दारात उभे असता... मला वाटलं, मी जेवढा उशीर करीन तेवढं तुमचं आयुष्य..."

पुढचं त्यानं आठवलं नाही. ते येत गेलं. एखाद्या ठिकाणी ओळ मागंपुढं झाली असेल. त्याला पर्वा नव्हती. तो समोर बघतच नव्हता. डोळ्यांसमोर ती चादर होती आणि तिच्यावर एक सुरकुती होती, आणि ती सुरकुती हलावी म्हणून तो बोलत होता.

हलली नाही.

शेवटचं वाक्य संपलं. टाळ्या नव्हत्या. काळोखात कुठंतरी एक म्हातारा माणूस नाक शिंकरत होता, त्याच्याशिवाय आवाज नव्हता.

पडदा सुटला.

खाली टेकतोय न टेकतोय तोच, पलीकडं पाऊस कोसळावा तशा टाळ्या सुरू झाल्या. इंद्रजितला त्या ऐकू आल्या नाहीत. अभय धावत आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला. शोभाताई पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. काकासाहेब पुढं झाले, "लोहार, ते एक वाक्य तू पदरचं..."

"गप्प बसा!" इंद्रजित ओरडला. "मास्तरांना बघा! मास्तर! अहो मास्तर!"

चादर तशीच.

सगळे जागच्या जागी थांबले. कुणीही पुढं झालं नाही. शोभाताईंनी पदर तोंडावरून काढला आणि मान हलवली. तसं नाही, असं.

इंद्रजितला कळलं.

चार वेळा मोबाइल उघडता उघडता घेतलेलं ते नाव आता त्याच्या तोंडातून फुटेना. बापाच्या वयाच्याही पुढचा माणूस. हाक मारावी आणि ओ आली नाही तर? तासगावला तो माणूस पाऊण तास याच हाकेची वाट बघत असा पडून होता. असाच. पाठीत श्वास घेत.

पाय अजून त्याच्या हातात होते. गारच होते.

"दिगंबर," तो म्हणाला.

नुसती हवा बाहेर आली.

"दिगंबर!"

काही नाही. पलीकडं टाळ्या. अलीकडं सात-आठ माणसं श्वास धरून. चादरीवरची सुरकुती जिथं होती तिथं.

त्यानं कपाळ त्या दोन पावलांवर टेकलं. पहिल्यांदाच कुणाच्या तरी पायांवर. तिसरी हाक मारायला त्यानं छाती भरून घेतली, तर घशातून ओरडण्याऐवजी एक हुंदका आला...

चादर तोंडापाशी किंचित वर उचलली गेली, आणि खाली बसली.

"हळू," मास्तर कुजबुजले. "पडदा अजून हलतोय."